पिरान्हा की रूपचंद? टाकीतल्या माशाची जात ठरवण्याची पद्धत

सोलापुरात माशांच्या टाक्यांच्या दुकानात 'रेड बेली पिरान्हा' म्हणून दोन-अडीच इंची रुपेरी पिल्लं मिळतात. पोटाखाली लालसर झाक, अंगावर काळे ठिपके, सदा भुकेली. त्यांतली पुष्कळशी पिरान्हा नसतात. ती असतात पाकूची पिल्लं, म्हणजे आपल्या मासळी बाजारात कापून विकला जातो तोच रूपचंद. शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस. दोघे एकाच घराण्यातले, सेरासाल्मिडी कुळातले, आणि लहानपणी इतके सारखे दिसतात की दुकानदाराचीही प्रामाणिकपणे फसगत होते.

या चुकीची किंमत मासा आणि माणूस दोघांनाही मोजावी लागते. लाल पोटाचा पिरान्हा घरच्या टाकीत साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर थांबतो. रूपचंद निसर्गात ८० सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि २५ किलोपर्यंत भरतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी साडेचारशे लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड-दोन वर्षांत त्या माशाला वळायलाही जागा उरत नाही. मग एखाद्या संध्याकाळी तो मासा बादलीतून तलावावर जातो. उजनी धरणात सकर मासा आणि चिलापी या बाहेरून आलेल्या माशांनी काय करून ठेवलंय ते भीमाकाठच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. त्यामुळे मासा विकत घेण्याआधी, आणि घेतला असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत, त्याची जात नीट ठरवा.

पुराव्यांना वजन देण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दात, मग पाठीवरचा काटा आणि चरबीचा पर, मग डोक्याची ठेवण, मग कोणत्या नदीतला, आणि रंग सगळ्यात शेवटी. नवे लोक नेमके उलटे जातात आणि रंगापासून सुरुवात करतात.

लागणारं साहित्य

- फोटोसाठी अरुंद काचटाकी: ३० सेंमी लांब, २० सेंमी उंच, ८ सेंमी रुंद, ५ मिमी काचेची. १५ सेंमीपर्यंतच्या माशाला पुरते. काचकाम करणारा एका दिवसात जोडून देतो. सिलिकॉन वाळायला आणखी दोन दिवस ठेवा.
- त्याच मापाची एक सुटी अ‍ॅक्रिलिक पट्टी, कडा घासून गुळगुळीत केलेली
- पाण्यात चालणारी प्लास्टिकची मोजपट्टी
- १० पट भिंग
- स्लो मोशन चित्रण करणारा मोबाईल आणि तो टेकवायला स्टँड
- दोन पांढरे एलईडी दिवे, एक करडा आणि एक पांढरा कागद
- रुंद तोंडाचा दोन-तीन लिटरचा प्लास्टिकचा डबा, झाकणासकट
- ३० सेंमी लांबीचा चिमटा
- बॅटरीवरचा हवेचा पंप
- सोडियम थायोसल्फेटचे खडे (दुकानात 'हायपो' म्हणून मिळतात)
- वही

जाळी या यादीत मुद्दाम नाही. पिरान्हाचे दात नायलॉनच्या जाळीत अडकतात, मासा झटका देतो, आणि दात किंवा जाळी यातलं काहीतरी तुटतं. डबा पाण्यात आडवा धरायचा, मासा आत शिरला की सरळ करायचा.

१. आधी बाजारातून एक रूपचंद आणा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथेच. जिवंत माशाचं तोंड उघडून बघता येत नाही. पण अर्धा-पाऊण किलोचा ताजा रूपचंद मासळी बाजारात सहज मिळतो. डोक्यासकट, न कापता मागा. घरात मासळी चालत नसेल तर विक्रेत्याला तिथेच तोंड उघडून दाखवायला सांगा. मागे लाईन नसेल तर कुणी नाही म्हणत नाही.

वरचा जबडा बघा. दातांच्या दोन रांगा दिसतील, एकीमागे एक. दात चौकोनी, रुंद, माथ्याला बोथट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला माणसाचेच दात वाटतात. खालच्या जबड्यात पुढे एक रांग आणि तिच्या मागे मधोमध दोन दातांची जोडी. हे दात फळं आणि बिया फोडण्यासाठी आहेत. अ‍ॅमेझॉनला पूर आला की पाणी जंगलात शिरतं आणि झाडांवरून गळणारी फळं हे मासे खातात. खोबऱ्याचा तुकडा दाढेखाली धरावा तसं ते कवच फोडतात.

आता पाठीवरच्या मोठ्या पराच्या सुरुवातीला, त्याच्या पहिल्या काडीच्या पुढ्यात बोट फिरवा. काहीही टोचणार नाही. ही जागा लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत तिचं काम आहे. मग पाठीच्या शेवटी, शेपटीच्या थोडं आधी, एक छोटा मांसल पर दिसेल. हा चरबीचा पर. रूपचंदात तो मऊ असतो, आत काड्या नसतात.

पोटाच्या कडेवरून बोट फिरवलंत तर करवतीसारखे दाते लागतील. लॅटिनमध्ये 'सेरा' म्हणजे करवत, कुळाचं नाव त्यावरूनच आलं. पण हे दाते पिरान्हालाही असतात आणि पाकूलाही. 'पोटाला करवत आहे म्हणजे पिरान्हाच' हे खरं नाही.

जबडा जपून ठेवायचा असेल तर डोकं मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा, मांस जुन्या टूथब्रशने काढा आणि मेडिकलमधल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन-तीन तास ठेवा. फार उकळलं तर दात निखळतात. वाळवलेला जबडा डबीत ठेवा. पुढे दुकानातल्या पिल्लाशी ताडून बघायला यापेक्षा चांगलं चित्र मिळणार नाही.

२. दुकानातली पहिली नजर

दुकानातले गुलाबी किंवा लाल दिवे बंद करायला सांगा, निदान त्या टाकीवरचे. त्या उजेडात चांदीसुद्धा तांबडी दिसते.

मासा बाजूने बघा आणि फक्त हनुवटीकडे लक्ष द्या. पिरान्हाचा खालचा जबडा जाड आणि वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो, बुलडॉगसारखा. पाकूचं तोंड मुस्कटाच्या टोकावर सरळ मिटतं, खालचा जबडा पुढे येत नाही. पाच सेंटीमीटरच्या पिल्लातही हा फरक कळतो. त्याहून लहान पिल्लावर घाईने निर्णय देऊ नका.

वागण्यावरून काही ठरवू नका. पाकूची पिल्लं वर येऊन धडाधड खातात म्हणून लोकांना ती 'खरी पिरान्हा' वाटतात. खरी पिरान्हाची पिल्लं नव्या जागी बहुधा बुजलेली असतात, कोपऱ्यात दबून राहतात. आहारही पुरावा नाही. पाकू मांस आवडीने खातो आणि लाल पोटाचा पिरान्हा निसर्गात मासे, किडे यांच्याबरोबर वनस्पतींचे भागही खातो.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: माल कुठून आला, पेटीवर शास्त्रीय नाव होतं का, आणि मोठा झाल्यावर परत घ्याल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर हनुवटी दोनदा बघा.

३. घरी आणल्यावर दोन आठवडे थांबा

प्रवासाने मासा फिका पडतो, ठिपके पुसट होतात, डोळ्याचा रंगही उतरतो. त्या दिवशीच्या रंगावर केलेली नोंद फुकट जाते.

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून साठवलेलं पाणी वापरावं लागतं. नुकतं भरलेलं पाणी असेल तर क्लोरीन काढायला थायोसल्फेट घाला, किंवा उघड्या पिंपात हवेचा पंप लावून २४ तास ठेवा. बोअरचं पाणी जड असतं. ते चालतं, पण मासा एकदम त्यात सोडू नका. बारीक नळीने थेंब-थेंब टाकीचं पाणी मिसळत पाऊण तास घ्या. तापमान २४ ते २८ अंश ठेवा. एप्रिल-मेमध्ये टाकी ३० च्या वर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत मासा हाताळायचं काम सकाळी सातच्या आत उरका आणि वीज गेली तरी पंप चालेल अशी तयारी ठेवा.

प्लास्टिकच्या पिशवीतून पिरान्हा नेऊ नका. तो पिशवी कापतो. दुहेरी पिशवीही दहा सेंटीमीटरच्या माशापुढे टिकत नाही. झाकणाचा डबा घ्या.

४. फोटो: ओळखीचा खरा कागद

एक चांगला बाजूचा फोटो दहा वर्णनांपेक्षा कामाचा असतो. आणि नवख्या माणसाच्या बहुतेक चुका फोटोतच होतात.

अरुंद टाकीत मासा राहतो त्याच टाकीचं पाणी घाला, नवं नाही. करडा कागद मागच्या काचेला बाहेरून लावा. मासा डब्याने आत सोडा, मग अ‍ॅक्रिलिक पट्टी हळूच मागून सरकवून त्याला पुढच्या काचेजवळ आणा. दाबायचं नाही, फक्त वळायला जागा ठेवायची नाही. मोजपट्टी पाण्याच्या आत, माशाच्या पातळीवर धरा. बाहेरच्या काचेवर चिकटवलेली पट्टी माशापेक्षा कॅमेऱ्याजवळ असते, आणि पाणी-काचेतून येताना प्रकाशही वळतो, त्यामुळे माप चुकतं.

दिवे दोन्ही बाजूंनी वरून तिरके. फ्लॅश नको, खवले चमकतात आणि पराच्या काड्या दिसेनाशा होतात. मोबाईल एक मीटर लांब ठेवून दुप्पट झूम करा. ही गोष्ट बारीक वाटते, पण इथेच वंश (जवळच्या प्रजातींचा गट) चुकतो. मोबाईल जवळ धरला की रुंद भिंगामुळे डोकं फुगलेलं दिसतं, आणि डोक्याची रेषा आत वळते की बाहेर यावर तर पुढचा सगळा निर्णय उभा आहे. एका कोपऱ्यात पांढरा कागद येऊ द्या, म्हणजे नंतर रंग तपासता येतो.

पाच फोटो घ्या: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा, वरून डोकं, आणि शेपटीचा पर पसरलेला असताना जवळून. सगळं पाच मिनिटांत. कल्ले वेगाने हलायला लागले तर मासा लगेच परत सोडा. उरलेले फोटो आठवड्याने घेता येतील.

आता फोटो मोठा करून दोन जागा बघा.

पहिली, पाठीवरच्या पराच्या पुढ्यातली. तिथे पुढे तोंड करून बसलेला छोटा काटा आहे का? पिरान्हाला हा काटा असतो. पियारॅक्टस, कोलोसोमा आणि मायलोसोमा या तीन वंशांत तो नसतो, आणि बाजारात मिळणारे मोठे पाकू यांतलेच. काटा नाही म्हणजे पिरान्हा नाही, इथे प्रश्न संपला. पण उलटं धरू नका: काटा आहे म्हणजे पिरान्हाच, असं होत नाही. सिल्व्हर डॉलर म्हणून विकल्या जाणाऱ्या मेटिनिसलाही काटा असतो. मेटिनिस मात्र दुसऱ्या जागेवरून ओळखू येतो. त्याच्या चरबीच्या पराचं बूड चांगलंच लांब असतं. पिरान्हाचा चरबीचा पर छोटा असतो.

दुसरी जागा म्हणजे हाच चरबीचा पर. त्यात काड्या दिसतात का ते भिंगाने बघा. काटा नसलेला मासा असेल आणि चरबीच्या परात काड्या असतील तर तो कोलोसोमा मॅक्रोपोमम, म्हणजे ब्राझीलचा तांबाकी. हा तर एक मीटरपर्यंत वाढतो. काड्या नसतील तर बहुधा पियारॅक्टस, आपला रूपचंद.

५. दात बघण्याची सुरक्षित रीत

माशाला गुंगी देऊन तोंड उघडण्याचे सल्ले मिळतात, लवंगाच्या तेलाचे वगैरे. नवख्याने ते करू नये. मात्रा थोडी चुकली की मासा उठत नाही, आणि अर्धवट शुद्धीतला पिरान्हा बोटाचा तुकडा काढतो.

त्यापेक्षा माशाला एक दिवस उपाशी ठेवा. मोबाईल स्टँडवर लावून स्लो मोशन सुरू करा आणि लांब चिमट्यात रोहूच्या मांसाची पट्टी काचेजवळ धरा. दोऱ्याला बांधू नका, दोरा पोटात जातो. पिरान्हाचे दात वर-खाली एकाच रांगेत, त्रिकोणी, पात्यासारखे, एकमेकांत घट्ट बसलेले असतात. पट्टीवर अर्धचंद्रासारखा स्वच्छ काप उमटतो. पाकूने चावलेली कड चेचलेली दिसते.

एखाद्या बाजूचे दात गायब दिसले तर दचकू नका. पिरान्हाचे एका बाजूचे दात एकत्र पडतात आणि खाली तयार असलेली नवी फळी वर येते. अशा वेळी दुसरी बाजू बघा.

मासा दगावला तर फेकू नका. जबडा पहिल्या पायरीप्रमाणे साफ करून फोटोंसोबत ठेवा.

६. वंश ठरवणं: पायगोसेन्ट्रस की सेरासाल्मस

मासा पिरान्हा आहे हे नक्की झालं की पुढचा प्रश्न वंशाचा. हौशी बाजारात येणारे जवळपास सगळे या दोन वंशांतले.

पायगोसेन्ट्रसचं कपाळ बाहेर फुगलेलं, मुस्कट आखूड आणि बोथट. वरून पाहिलं तर दोन डोळ्यांमधली जागा रुंद, डोकं जड. सेरासाल्मसचं मुस्कट टोकदार, डोळ्याच्या वर डोक्याची रेषा आत दबलेली, आणि अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं सपाट. बाजूच्या फोटोवर मुस्कटापासून पाठीच्या परापर्यंत सरळ पट्टी ठेवा. कपाळ पट्टीच्या वर गेलं तर पायगोसेन्ट्रस, खाली फट राहिली तर सेरासाल्मस. फार लहान पिल्लांत ही फट फसवते. आठ-दहा सेंटीमीटरला पुन्हा मोजा.

सांभाळायला हा फरक जीवघेणा आहे. पायगोसेन्ट्रस टोळीने ठेवतात, सेरासाल्मस एकेकटाच. टोळीत चुकून सेरासाल्मस सोडला की तो इतरांचे पर आणि खवले तोडतो, किंवा टोळी त्याला संपवते. वंश ठरेपर्यंत नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवा.

दोन वेगळे पाहुणे क्वचित दिसतात. कॅटोप्रिऑन मेंटोचा खालचा जबडा फार पुढे आलेला असतो आणि पाठीच्या पराच्या पहिल्या काड्या दोऱ्यासारख्या लांब असतात. तो इतर माशांचे खवले खातो. पायगोप्रिस्टिस डेंटिक्युलाटाच्या प्रत्येक दाताला पाच टोकं असतात, भिंगाखाली छोट्या मुकुटासारखी.

७. प्रजाती: इथे सावकाश

पायगोसेन्ट्रसमध्ये हौशींच्या कामाच्या प्रजाती तीनच.

*पायगोसेन्ट्रस नॅटेरेरी*, नेहमीचा लाल पोटाचा. रुडॉल्फ क्नेर यांनी १८५८ मध्ये वर्णन केला आणि ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षे नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटरर यांचं नाव दिलं. अ‍ॅमेझॉन, पॅराग्वे-पराना आणि एसेक्विबो खोऱ्यांत सापडतो. पोट लाल ते नारिंगी, अंगावर चमकदार खवले, चरबीच्या परात काड्या नाहीत.

*पायगोसेन्ट्रस करिबा* ओरिनोकोचा. कल्ल्याच्या झाकणामागे मोठा, ठसठशीत काळा डाग. सापळा असा की नॅटेरेरीच्या पिल्लांतही तिथे पुसट डाग दिसू शकतो. नॅटेरेरीचा वयाबरोबर विरतो, करिबाचा टिकतो. म्हणून पिल्लाला डागावरून करिबा म्हणू नका आणि त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

*पायगोसेन्ट्रस पिराया* फक्त ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीतला. पिवळा-नारिंगी रंग पोटावरून ज्वाळांसारखा कुशीवर चढतो आणि मोठ्या माशाच्या चरबीच्या परात काड्या असतात. पिल्लात काड्या नसतात, म्हणून काड्या दिसल्या नाहीत एवढ्यावर पिराया नाही असं ठरत नाही. आणि कोलोसोमालाही काड्या असतात हे विसरू नका. पाठीचा काटा आणि दात आधी बघितले असतील तर हा घोळ होणार नाही.

'टर्नेटझी' किंवा 'सुपर रेड' अशी नावं वेगळ्या प्रजातींची नाहीत. टर्नेटझी म्हणजे नॅटेरेरीचाच पिवळसर पोटाचा प्रकार. प्रजननाच्या काळात नॅटेरेरी जवळपास काळा पडतो, तो पाहून 'ब्लॅक पिरान्हा' (म्हणजे सेरासाल्मस रोम्बियस) म्हणून विकणारे आहेत. लाल रंग खाण्यावरही अवलंबून असतो. कोळंबी सालासकट दिली तर रंग चढतो, नुसत्या चिकनवर उतरतो.

सेरासाल्मसचं काम खरोखर अवघड आहे. तीसहून अधिक प्रजाती, पिल्लं एकसारखी, आणि शास्त्रज्ञांमध्येही अजून फेरमांडणी चालू. तरी काही खुणा पक्क्या आहेत.

शेपटीचा पर पसरलेला असताना त्याची कड बघा. *सेरासाल्मस रोम्बियस* या मोठ्या माशात काळा पट्टा अगदी कडेपर्यंत जातो. सेरासाल्मस स्पायलोप्ल्युरा आणि त्याच्या जवळच्या प्रजातींच्या गटात काळ्या पट्ट्याच्या बाहेर काचेसारखी पारदर्शक कड उरते. मात्र जुना, झिजलेला किंवा दुसऱ्याने कुरतडलेला पर ही कड लपवतो, म्हणून पर पूर्ण भरल्यावर पुन्हा बघा. *सेरासाल्मस सांचेझी* मध्येही पट्टा कडेपर्यंत असतो, पण तो रोम्बियससारखा मोठा होत नाही. पंधरा सेंटीमीटरचा मासा हातात घेऊन हे दोन वेगळे करायला वाढीची नोंद लागते, एका फोटोत होत नाही. *सेरासाल्मस गेरी* च्या मुस्कटापासून पाठीच्या परापर्यंत मधोमध गडद रेघ जाते. *सेरासाल्मस इलाँगेटस* नावाप्रमाणेच लांबट, सडपातळ. बाकी मंडळी ताटलीसारखी.

लाल डोळ्यांवरून रोम्बियस ठरवणं ही सगळ्यात प्रचलित चूक. रोम्बियसच्या पिल्लाचे डोळे लाल नसतात, वयाबरोबर होतात. आणि लाल डोळे इतर सेरासाल्मसमध्येही दिसतात.

मासा कोणत्या नदीतून पकडला हे कळलं तर अर्ध्या प्रजाती आपोआप बाद होतात. आपल्याकडचा माल बहुतेक पैदास केंद्रातून, कोलकात्यासारख्या मोठ्या बाजारांतून फिरत येतो आणि नदीचं नाव वाटेत हरवतं. तरी विचारत जा. बिलावर किंवा पेटीवरच्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

८. नाव कसं लिहायचं

जिथपर्यंत पुरावा आहे तिथपर्यंतच लिहा. वंश नक्की पण प्रजाती नाही, तर 'सेरासाल्मस एसपी.' लिहा. रोम्बियससारखा वाटतो पण खात्री नाही, तर 'सेरासाल्मस सीएफ. रोम्बियस'. यात कमीपणा काही नाही, संग्रहालयांच्या बरण्यांवरही अशाच चिठ्ठ्या असतात. चुकीचं पक्कं नाव लिहिलं की तो मासा पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्या टाकीत ती चूक जाते.

जुन्या याद्यांमध्ये शास्त्रीय नावामागे लेखकाचं, म्हणजे प्रथम वर्णन करणाऱ्याचं, नाव कधी कंसात दिसतं, कधी नाही. रोम्बियसला लिनियसने १७६६ मध्ये साल्मो वंशात घातलं होतं. नंतर वंश बदलला, म्हणून तिथे लिनियस कंसात. नॅटेरेरी पहिल्यापासून पायगोसेन्ट्रसच, म्हणून क्नेर कंसाबाहेर. याद्या ताडून बघताना हे कामाला येतं.

९. रूपचंद निघाला तर

तो तलावात सोडायचा नाही. सिद्धेश्वर तलाव नाही, कंबर तलाव नाही, हिप्परगा नाही, उजनी तर नाहीच, आणि एखाद्या शेततळ्यातही 'तात्पुरता' नाही, कारण पावसाळ्यात शेततळं ओढ्याला मिळतं. पिरान्हालाही हाच नियम. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात घातक परक्या प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. सध्याचे नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

लहान असतानाच दुकानदाराला परत द्या किंवा मोठी सिमेंटची टाकी असलेल्या हौशी माणसाकडे सोपवा. टाकीत औषधं वापरलेला मासा खायचा नाही. मॅलाकाइट ग्रीनसारखी औषधं मांसात उतरतात.

१०. नोंदीचं पान

प्रत्येक माशाला एक पान. लांबी दोन प्रकारे लिहा: मुस्कटापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत, आणि मुस्कटापासून पराच्या टोकापर्यंत. शास्त्रीय वर्णनांत बहुधा पहिली असते. पर कुरतडला गेला तरी ती बदलत नाही.

नमुना म्हणून:

- दुकानातलं नाव: ब्लॅक पिरान्हा
- उगम: माहीत नाही, बिलावर फक्त 'कोलकाता'
- लांबी: पराच्या मुळापर्यंत ९.५ सेंमी, एकूण ११.८ सेंमी
- दात: एक रांग, त्रिकोणी (स्लो मोशन चित्रण आहे)
- पाठीपुढचा काटा: आहे
- चरबीचा पर: छोटा, काड्या नाहीत
- डोक्याची रेषा: आत दबलेली, पट्टीखाली फट
- शेपटीची कड: काळी, टोकापर्यंत, वरचा भाग थोडा झिजलेला
- डोळा: फिकट पिवळसर
- ठरवलेलं नाव: सेरासाल्मस एसपी.; रोम्बियस किंवा सांचेझी
- पुढचा फोटो: तीन महिन्यांनी, त्याच टाकीत, त्याच अंतरावरून